दोन दुधांच्या मधली वेळ

खव्याची भट्टी असलेल्या घरात ‘किती वाजले’ असं फारसं कुणी विचारत नाही. ‘दूध आलं का?’ असं विचारतात, आणि त्या उत्तरावरून बाकीचं सगळं ठरतं. चहा कधी, भाकरी कधी, लेकरांची शाळेची गडबड कधी, आलेल्या पाहुण्याला आत घ्यायचं की ‘जरा दम धरा’ म्हणायचं. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातल्या अशाच एका घरात मी सून म्हणून आले, तेव्हा माझ्याकडं डी.एड.ची पदविका होती आणि मनात शिक्षिका व्हायचा बेत. राज्यातली शिक्षकभरती तेव्हा वर्षानुवर्षं ठप्प होती. 2013 ला टीईटी आली, 2017 ला अभियोग्यता चाचणी आली, आणि आम्ही पदविकावाले एकेका परीक्षेमागं पळत राहिलो. टीईटी पास झाले, नेमणूक काही आली नाही. तोवर भट्टीवर बसायला लागले होते. आज भट्टी चालवते, आणि सकाळच्या व संध्याकाळच्या दुधाच्या मधल्या वेळात वाशी गावात एक अभ्यासिकाही चालवते. एकाग्रता, स्वयंशिस्त, फोकस हे शब्द अभ्यासिकेतल्या पोरांच्या तोंडून रोज कानावर पडतात. भट्टीवर ते कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. तरी मला त्याबद्दल जे काही कळलं ते भट्टीवरच कळलं.

आमचा भाग बालाघाटाच्या माथ्यावरचा. पाऊस बेताचा, पीक ज्वारीचं आणि आता सोयाबीनचं, ज्वारीच्या कडब्यावर जनावरं. दूध होतं, पण ते ताजं विकायला मोठं शहर जवळ नाही. गावोगाव दूध थंड करायच्या टाक्या नव्हत्या तेव्हा वैशाखातलं सकाळचं दूध दुपार गाठायचं नाही. मग ते आटवायचं. भूम, वाशी, कळंब, परंडा या पट्ट्यात ठिकठिकाणी भट्ट्या उभ्या राहिल्या त्या या अडचणीतून. हा खवा कुंथलगिरीच्या नावानं ओळखला जातो, 2024 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. गाईच्या पाच-सव्वापाच लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा पडतो, म्हशीचं दूध जरा जास्त देतं. दुधाला फॅटचं यंत्र लावतातच, पण जुने भट्टीवाले आजही दूध घालणाऱ्यासमोर लिटरभर दूध बाजूला घेऊन आटवून बघतात. किती उतारा पडला ते दोघांनाही दिसतं आणि भावावरून हुज्जत राहत नाही. ही उताऱ्याची गोष्ट पुढं अभ्यासिकेत माझ्या फार कामाला आली.

कढई मला आत्यांनी शिकवली. आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. त्यांनी कधी पायऱ्या वगैरे सांगितल्या नाहीत. दूध कुठवर आलंय हे मी आधी त्यांच्या तोंडाकडं बघून ओळखायला शिकले आणि मग कढईकडं बघून. दूध नुकतं ओतलंय, बाभळीच्या जळणानं पेट घेतलाय, तोवर आत्या बोलत असायच्या. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कुणाच्या सोयरिकीत काय बिनसलं. हात चालू, तोंड चालू. उकळी येऊन फेस वर चढला की बोलणं तुटक व्हायचं. उलथणं तळाला घासत पुढं-मागं, कडेला चिकटलेलं खरवडून पुन्हा दुधात. दूध आटून जड झालं, बुडबुडे मोठे होऊन फदफद आवाज करायला लागले, की आत्या गप्प. एकदा मामा दारातून विचारत होते, “आगं, गोठ्याची चावी कुठं ठिवलीस?” दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. आत्यांनी मान वर केली नाही. खवा गोळा होऊन कढईची कड सोडायला लागला, कढई खाली उतरली, पदरानं घाम पुसला आणि मग म्हणाल्या, “खुंटीला हाय. तेवढा दम निघंना व्हय?”

त्या शेवटच्या काही मिनिटांतच सगळं असतं. जाळ मागं ओढायचा तो कधी, दाणा ठेवायचा की मऊ काढायचा, पेढ्याला लागतो तसा की गुलाबजामला लागतो तसा. नजर हलली तर तळाला करपतं आणि करपट वास सबंध गोळ्यात उतरतो. तो लपवता येत नाही. व्यापारी चिमूटभर खवा बोटांवर चोळतो, नाकाशी नेतो, आणि काही न बोलता डबा बाजूला सरकवतो.

शाळेत आम्हाला लक्ष म्हणजे सगळा तास ताठ बसणं असं शिकवलं होतं, डी.एड.ला तेच पुढं मुलांना कसं शिकवायचं ते शिकवलं. भट्टीवर सकाळी चार-चार तास कढईमागून कढई चढते. सगळा वेळ ताठ लक्ष ठेवून कुणीच बसू शकत नाही. आत्याही बसत नव्हत्या. सैल सोडता येतं तिथं त्या मन मोकळं सोडायच्या, गप्पा मारायच्या, गुणगुणायच्या, आणि जिथं धरायचं तिथं असं धरायच्या की घराला आग लागली तरी आधी कढई उतरवतील. कुठं सैल आणि कुठं घट्ट, हे ओळखायला मात्र कामाची ओळख असावी लागते. नवख्याला सगळंच सारखं वाटतं, म्हणून तो सुरुवातीलाच दमतो आणि नेमक्या वेळी त्याचा हात ढिला पडतो. अभ्यासाला नव्यानं बसणाऱ्या पोराचंही हेच होतं. मुखपृष्ठापासून प्रस्तावनेपर्यंत रंगीत पेनानं अधोरेखित करत येतो, आणि जिथं खरा अवघड धडा लागतो तिथं जेवायची वेळ झालेली असते.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडं मशीन आलं. मोटारीवर गोल फिरणारी कढई, आत तळ खरवडणारं पातं, खाली बर्नर. हाताचे फोड गेले, धूर गेला, खांदे सुटले. बाभळीच्या धुरात उभा जन्म काढलेल्या बाईचे डोळे ज्यानं जवळून बघितलेत, तो मशीनला नावं ठेवणार नाही. मीही ठेवत नाही. पण एक गोष्ट डोळ्यांदेखत घडली. हात मोकळे झाले आणि भट्टीवर मोबाईल आला. माझे धाकटे दीर, हातकढईवर बसले की त्यांना हाक ऐकू यायची नाही, अख्खा गाव त्यांचं नाव घ्यायचा, ‘पोरगा शिस्तीचा’ म्हणायचा. तेच दीर मशीनपाशी स्टुलावर बसून रील बघायला लागले आणि बर्नर कमी करायची वेळ हुकायला लागली. माणूस तोच, घर तेच, दूध तेच. त्यांचा स्वभाव काही आठ दिवसांत पालटला नव्हता. त्यांच्या शिस्तीतला निम्मा वाटा कढईचा होता, तो कढईनं काढून घेतला, एवढंच.

तेव्हा आत्यांनी जे केलं ते मी अजून विसरले नाही. त्यांनी दिराला एका शब्दानं उपदेश केला नाही. मशीनजवळचा चार्जिंगचा बोर्ड तिथून काढायला लावला आणि मोबाईलची जागा घरात, मांडणीच्या वरच्या फळीवर ठरवून टाकली. फोन वाजला की घरातलं कुणीही उचलायचं, महत्त्वाचं असलं तर भट्टीवर जाऊन सांगायचं. आणि दिराच्या हातात वही-पेन दिलं. प्रत्येक कढईला किती दूध ओतलं, किती खवा उतरला, ते त्यांनीच लिहायचं. हाताला काम आलं तसे डोळे पुन्हा कढईवर आले. “मन ग्वाड बोलून बसत न्हाई,” एवढंच त्या मला नंतर म्हणाल्या. “त्याला बसायला जागा करून द्यावी लागती.”

लक्ष भीतीनं राहतं का, हे बघायचं तर आमच्याच तालुक्यातल्या तेरखेड्याचं नाव घ्यायला हवं. फटाक्यांचं गाव म्हणून ते महाराष्ट्रभर ठाऊक आहे. दारू भरायच्या शेडमध्ये काडीपेटी, बिडी न्यायची नाही हा नियम तिथं कुणाला पुन्हा पुन्हा सांगावा लागत नाही, आणि तरीही स्फोटांच्या बातम्या या जिल्ह्यानं वाचलेल्या आहेत. लोक म्हणतात, जिवाची भीती असली की माणूस आपोआप लक्ष देतो. मला ते पटत नाही. भीतीवर चालणारं लक्ष नव्या माणसात असतं. रोजच्या सरावानं भीती बोथट होते, आणि तीच वेळ घाताची. आत्या कढईला भीत नव्हत्या. त्यांचा हात कुठं जायचा ते ठरलेलं होतं.

अभ्यासिकेत सगळं याच्या उलट. पुस्तक करपत नाही. एकाच पानावर दुपार काढली तरी वास सुटत नाही, कुणी डबा बाजूला सरकवत नाही. परिणाम कळतो तो वर्षादीड वर्षानं, यादी लागते तेव्हा. आणि तोही धड कळत नाही, कारण 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज होते. अशा परीक्षेत न लागलेल्या पोराला ‘तुझ्यात शिस्त नव्हती’ म्हणणं हे मला हिशोबाच्या दृष्टीनंही चुकीचं वाटतं आणि माणुसकीच्या दृष्टीनंही.

माझ्याकडं येणाऱ्यांत सगळ्यांत जास्त पोलीस भरतीची पोरं-पोरी. मैदानाला 50 गुण, लेखीला 100. धावायला मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. दूध आणायला गाड्या निघतात त्या अंधारात ही मंडळी रस्त्यानं पळत असतात. थंडी असो, भुरभुर पाऊस असो, दांडी नाही. आणि हीच मंडळी दुपारी लेखीचं पुस्तक उघडलं की पाचव्या मिनिटाला पेंगतात. दमलेली असतात हे खरं, पण तेवढंच नाही. मैदानावर सोबत पळणारी असतात, एक न आला तर बाकीचे त्याच्या दारात जाऊन हाक मारतात. घड्याळ लावलेलं असतं. कालच्यापेक्षा आज किती सेकंद कमी लागले ते घाम वाळायच्या आत कळतं. पुस्तकापाशी यांतलं काय असतं? एकटा माणूस, छापलेली पानं, आणि ‘आज आठ तास बसलो’ एवढंच समाधान. आठ तास बसण्याला पोरं फार मान देतात. भट्टीवर कुणी किती तास बसलं हे विचारलं जात नाही, उतारा किती पडला ते विचारतात.

म्हणून आम्ही पुस्तकालाही उतारा लावला. अभ्यासिकेत एक जाड वही आहे. निघताना प्रत्येकानं आपली पुस्तकं मिटून पिशवीत घालायची आणि मग वहीत लिहायचं की आज वाचलेल्यातलं काय उरलं. तास लिहायचे नाहीत, पानं लिहायची नाहीत. पंचायत राजची कलमं वाचली असतील तर जी आठवतात तीच लिहायची. सुरुवातीला पोरं चिडली. एका मुलीनं दुपारभर इतिहास वाचून एकच ओळ लिहिली आणि वही आपटून गेली. दुसऱ्या दिवशी आली ती तोच धडा घेऊन. नंतर मला कळलं की हे आपणच शोधून काढलेलं काही नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग केला होता. मजकूर वाचून पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढं निघाले. म्हणजे पुन्हा पुन्हा वाचताना जे ‘येतंय, येतंय’ असं वाटतं ते बरंचसं फसवं. वहीचा दुसरा फायदा मात्र त्या प्रयोगात नव्हता, तो आमच्या पोरांनी दाखवला. संध्याकाळी काहीतरी लिहायचंय हे माहीत असलं की दुपारी डोळे आपोआप पुस्तकावर राहतात, दिरांचे मशीनवर राहिले तसे.

14 एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त राज्यात ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. आमच्याकडंही होतो. तो दिवस मला आवडतो. पहाटे पोरं आंघोळ करून, पांढरे कपडे घालून येतात, गावातली माणसं चहा-पोहे आणून देतात, ज्यांच्या घरात कुणी पुस्तक धरलं नाही अशा घरातल्या आया दारात उभ्या राहून बघतात. पण 15 एप्रिलला अभ्यासिका ओस पडायची. काल एवढं बसलो, आज सुट्टी. बाबासाहेब 1913 ला न्यूयॉर्कला गेले आणि 1923 ला लंडनहून अभ्यास पुरा करून परतले. मधली काही वर्षं पैशासाठी परत येऊन नोकरी करावी लागली, तीही धरून दहा वर्षं. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाचं दार उघडताना ते हजर असत ते रोज, तसबिरीपुढं हार असलेल्या एका दिवशी नव्हे. ही गोष्ट पोरांना सांगितली तर माना डोलावतात. म्हणून हल्ली मी सांगत नाही. 14 तारखेला बसलेल्यांची नावं फळ्यावर लिहीत नाही, 15 तारखेला तासभर येऊन गेलेल्यांची लिहिते.

‘एकवीस दिवसांत सवय लावा’ हे वाक्य आमच्या पोरांना मोबाईलनं शिकवलंय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना रोजची एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं होतं. जेवणासोबत फळ खाणं, संध्याकाळी थोडं पळणं, अशा साध्या गोष्टी. त्या अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 तर कुणाचा अंदाज 254 पर्यंत गेला. मला त्यातलं दुसरंच एक निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. हे भट्टीवाल्याला सांगावं लागत नाही. घरात लग्न असलं, मयत झाली, तर त्या दिवशी दूध डेअरीला घालतो आणि दुसऱ्या दिवशी कढई चढते. कालचं काय, असं कुणी म्हणत नाही. पोरांचा मात्र एक दिवस चुकला की गाडी सोमवारवर जाते, सोमवार चुकला की एक तारखेवर, एक तारीख चुकली की पाडव्यावर. गाईला सोमवार कळत नाही. दोन वेळा धार काढली नाही तर ती ओरडते, तिसऱ्या वेळी कास दुखायला लागते.

आता ज्या गोष्टीचा मला राग येतो ती सांगते. एका कार्यक्रमात बाहेरगावचे एक व्याख्याते अभ्यासिकेत आले होते. बोलणं चांगलं होतं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावर एक मुलगा भिंतीला डोकं टेकून झोपला होता. त्याच्याकडं बोट करून ते म्हणाले, “हा बघा, याला यश कसं मिळणार?” तो मुलगा पहाटेपर्यंत हरभऱ्याला पाणी देत होता. शेतीच्या पंपाची थ्री फेज लाइट इकडं पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात ज्याच्या घरी म्हातारा बाप आहे त्यानं काय करायचं? बॅटरी घेऊन, विंचू-काट्यातून बारे देऊन आलेला मुलगा झोपेनं पडायला आलेला असतानाही अभ्यासिकेत येऊन बसला, यात मला शिस्त दिसते. व्याख्यात्यांना झोप दिसली. आता आम्ही लाइटच्या पाळीचा तक्ता भिंतीवर लावलाय. रात्रपाळीच्या आठवड्यात त्या पोरांनी अवघड विषय काढायचाच नाही. चालू घडामोडी वाचायच्या, झोप आली तर मागच्या खोलीत सतरंजी आहे, तासभर झोपायचं. कुणी बोलत नाही.

मुलींचं तर वेगळंच. घरात मुलगी पुस्तक घेऊन बसलेली दिसली की तिला काम सांगायचं असतं, असा आमच्याकडचा अलिखित कायदा आहे. “बसलीच हायस तर तेवढं तांदूळ निवड.” सोयाबीनची काढणी आली की महिनाभर मुलींची बाकं रिकामी. आणि ज्या बाईचा दिवस पहाटे धारेपासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत मिनिटाला मिनिट जोडून चाललेला असतो, तिला शिस्तीची बाई म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. तिची ती कामं म्हणतात. पहाटे उठून चार किलोमीटर पळणाऱ्या तिच्या मुलाला शिस्त असते.

शिस्तीचा विषय निघाला की आमच्या भागातली म्हातारी माणसं कुंथलगिरीची आठवण काढतात. जैनांचं सिद्धक्षेत्र, भूम तालुक्यात. आचार्य शांतिसागर महाराजांनी तिथं 1955 मध्ये सल्लेखना घेतली आणि 36 व्या दिवशी, 18 सप्टेंबरला, देह ठेवला. दर्शनाला लांबलांबून माणसांची रीघ लागली होती म्हणतात. त्या संयमापुढं हात जोडावेत. पण तो सगळं सोडून निघालेल्या माणसाचा संयम. आमच्या पोरांचा प्रश्न वेगळा आहे, त्यांना काहीच सोडता येत नाही. शेत सोडता येत नाही, जनावर सोडता येत नाही, धाकट्या बहिणीचं लग्न सोडता येत नाही, आणि या सगळ्यात दिवसाचे दोन तास काढायचे आहेत.

ते दोन तास एकट्यानं काढता येत नाहीत, हे माझं आता ठाम मत झालंय. 2022 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचं ठरवलं. मागोमाग आमच्याच जिल्ह्यात, उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनं सहा ते आठ मोबाईल बाजूला ठेवायला सुरुवात केली. वर्तमानपत्रांनी त्याला मोबाईलबंदी म्हटलं. मला त्यातला भोंगा महत्त्वाचा वाटतो. शेजारच्या घरात मालिकेचा आवाज चालू असताना आपल्या पोराला ‘अभ्यास कर’ म्हणणं व्यर्थ, आणि सगळ्या आळीतच शांतता झाली की म्हणायची गरज उरत नाही. आईबापांचेही फोन बाजूला जातात, हे तर फारच बरं.

अभ्यासिकेच्या दाराशी आम्ही लाकडी कप्पे केलेत, फोन तिथं ठेवायचे. यावरून सध्या आमच्यात भांडण चालू आहे. भरतीच्या बऱ्याच परीक्षा आता संगणकावर होतात, सराव चाचण्या मोबाईलवर मिळतात, नोट्स टेलिग्रामवर येतात. पोरं म्हणतात, मॅडम, फोन म्हणजेच आमचं पुस्तक आहे, तो बाहेर ठेवून कसं चालेल? त्यांचं खरं आहे. माझंही खरं आहे, कारण चाचणी सोडवायला उघडलेला फोन चाचणीवर थांबत नाही. वर्गणी काढून दोन जुने संगणक घ्यायचे असं ठरतंय, पैसे अर्धेच जमलेत. तोवर दुपारी तीन ते चार फोनचा तास, बाकीचा वेळ कप्प्यात, असा तह झालाय. तो दोन्ही बाजूंना मान्य नाही, त्यामुळं टिकेल असं वाटतं.

गणपती ते दिवाळी खव्याची मागणी एवढी वाढते की सकाळची कढई दुपारपर्यंत उतरत नाही. त्या दिवसांत अभ्यासिकेची चावी भरतीच्या दोन मुलींकडं असते. मागच्या गणपतीत एकदा उशिरा दुपारी तिथं पोचले, तर त्यांनी मला दारातच अडवलं आणि फोन मागितला. मी म्हटलं, “अगं, पुण्याच्या व्यापाऱ्याचा फोन यायचाय, आजचा माल रात्रीच्या गाडीला टाकायचाय.” फोन त्यांनी घेतलाच. कप्प्यात ठेवत त्यातली थोरली म्हणाली, “येऊ द्या की मॅडम. महत्त्वाचं असलं तर आम्ही आत येऊन सांगतो.”